टेपच्या बाहेरची खुर्ची

मला नोकरी मिळाली ती माझ्या अक्षरामुळे. अक्षर सुंदर होतं म्हणून नाही. ते मोठं होतं म्हणून.

माझी सगळी शाळा इंग्रजी माध्यमात झाली. मराठी होतं, पण आठवड्यातून चार तास आणि तेही शेवटचे. त्यामुळे देवनागरी मी कधी भराभर लिहिलीच नाही. प्रत्येक अक्षर वेगळं काढायचं, मग वर एक लांब रेघ मारायची. कॉलेज संपलं तरी माझं मराठी अक्षर दुसरीतल्या मुलीचंच राहिलं. नाशिक रोडला आमच्या कॉलनीत एक बाई राहायच्या. त्या मराठी शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि शहरातल्या एका केबल चॅनलवर रोज संध्याकाळी सात वाजता स्थानिक बातम्या वाचायच्या. बावीस वर्षं वाचत होत्या. सगळे त्यांना बाईच म्हणायचे. एकदा आईने माझ्याकडून भिशीचा निरोप लिहून घेतला आणि मला त्यांच्याकडे पाठवलं. बाईंनी तो कागद डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ, मग जरा तिरका. वाचला आणि आईला फोन केला.

"पोरगी काय करते सध्या?"

"काही नाही. घरात बसून असते. बोलतच नाही कुणाशी," आई म्हणाली.

"उत्तम," बाई म्हणाल्या. "मला बोलणारी नकोच आहे."

मी एकच अट घातली होती, पडद्यावर दिसणार नाही. बाई म्हणाल्या, त्याची काळजी करू नकोस, लोक मला बघूनच कंटाळलेत.

स्टुडिओ पंचवटीत, भांड्यांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर होता. एक खोली शूटिंगची, तिला लागून काचेच्या पलीकडे दुसरी, तिथे मशिनं. चॅनल ज्यांचं होतं त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. कॅमेरा चाचा सांभाळायचे. चाचा जुन्या नाशकातले. पूर्वी लग्नाची शूटिंग करायचे आणि अजूनही कुठलीही गोष्ट लग्नाच्या हिशोबात सांगायचे. माझं काम असं होतं: भाऊंच्या बातम्या दुपारी आल्या की त्या जाड मार्करने कोऱ्या कागदांवर लिहायच्या, एका ओळीत तीन किंवा चार शब्द. मग सात वाजता बाईंच्या डाव्या हाताला बसायचं आणि एकेक कागद सरकवायचा.

महिनाभरात माझ्या लक्षात आलं की एवढ्याने भागत नाही. बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध एक धुरकट डाग होता आणि तो वाढत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा जाणार नाही. कडेचं सगळं त्यांना नीट दिसायचं. बघायला जावं तेच पुसलं जायचं. म्हणून त्या कागदाकडे जरा बाजूने बघायच्या. मी चालू ओळीखाली फूटपट्टी धरायला लागले. पुढे पुढे तेही पुरेना, तेव्हा ओळीचा पहिला शब्द त्यांना जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू म्हणायला लागले. पुढचं त्या ओढून न्यायच्या. याबद्दल आम्ही एकमेकींशी कधी बोललो नाही. एकदाच, सिटी बसची वाट बघताना त्या म्हणाल्या होत्या, "भाऊंना कळायला नको. घरी कुणी नाही माझं. सात वाजता तेवढी माणसं वाट बघतात."

मी मान हलवली होती. आणि ते मी मनावर घेतलं होतं, तसं मी फार कमी गोष्टी घेते.

जमिनीवर लाल टेपची एक रेघ होती. टेपच्या आत आलं की माणूस कॅमेऱ्यात येतो, बाहेर राहिलं की नाही. माझी खुर्ची टेपच्या बाहेर होती. खुर्चीचा पाय टेपला लागला तरी मी ती मागे ओढायचे. त्या खुर्चीत मी जितकी निवांत असायचे तितकी घरीही नसायचे. समोर दिवे, शेजारी बाईंचा डावा कान, कुडी, मानेवरचा एक तीळ, आणि आवाज. त्यांचा आवाज शेजारून ऐकला की त्यात थोडी खरखर असायची, ती टीव्हीत यायची नाही. अपघाताची बातमी असली की त्या टेबलाखाली पायातली चप्पल काढून ठेवायच्या. हे फक्त मलाच माहीत होतं.

मग भाऊंनी एचडी करायचं ठरवलं. बाकीची सगळी चॅनलं रुंद झाली होती आणि आपण अजून चौकोनी, याची त्यांना लाज वाटायला लागली होती. पुण्याला जाऊन त्यांनी नवा कॅमेरा आणला. बाईंच्या मागे गोदाघाटाचा फोटो छापलेलं एक फ्लेक्स होतं. ते आता कमी पडणार म्हणून दुप्पट रुंदीचं नवं छापून घेतलं. कॅमेऱ्यासमोर लावायची काचही आणली, जिच्यावर अक्षरं वर सरकतात आणि निवेदिका त्यातून वाचते. आणि येताना पुण्यातल्या कुणाचा तरी सल्लाही आणला.

"बाई," ते म्हणाले, "एचडीत सगळं बारीक बारीक दिसतं म्हणे. नवीन कॅमेऱ्याला नवीन चेहरा लागतो असं लोक म्हणतात."

"सुरकुत्या दिसतील म्हणता?"

"मी नाही, लोक म्हणतात."

"दिसू द्या की. त्या पण बावीस वर्षं बातम्याच ऐकतायत."

भाऊ हसले, पण त्यांनी विषय सोडला नाही. दिवाळीपर्यंत बघू, म्हणाले. काचेचं मात्र बाईंनी पहिल्याच दिवशी मोडून काढलं. "मी कागदावरून वाचते. समोर कागद दिसला की लोकांना खरं वाटतं." भाऊंना ते पटलं. मला खरं कारण माहीत होतं. ती काच बाईंपासून आठ फुटांवर होती.

चाचांनी नवा कॅमेरा स्टँडवर चढवला. खाली बसून नवी लाल टेप लावली, आणि ती जुन्या टेपच्याच जागी आली. मला खूप बरं वाटलं. चित्र एवढं रुंद झालं आणि माझी खुर्ची जिथल्या तिथे राहिली, हे कसं, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. जे आपल्या सोयीचं असतं त्याला आपण प्रश्न विचारत नाही.

झालं होतं ते असं. मशिनांच्या खोलीत चित्र बघायला एक जुना, खोक्यासारखा टीव्ही होता. चाचा त्याच्याकडे बघून कॅमेरा लावायचे, वर्षानुवर्षं. त्या चौकोनी टीव्हीवर नव्या चित्राच्या दोन्ही बाजू कापल्या जायच्या आणि मधलं तेवढं दिसायचं. कॅमेऱ्याला स्वतःचा एक छोटा पडदा होता, त्यात पूर्ण चित्र दिसलं असतं. पण चाचा तो मिटून ठेवायचे. पडदा उघडा राहिला की बॅटरी संपते आणि नेमकं वरमालेच्या वेळी कॅमेरा बंद पडतो, हे त्यांनी आयुष्यभर अनुभवलं होतं. आमचा कॅमेरा थेट विजेवर चालायचा, ही गोष्ट वेगळी. आमच्या घरी टीव्ही चौकोनी, बाईंच्या घरीही चौकोनी. भाऊंकडे भिंतीवरचा मोठा होता, पण सात वाजता तो त्यांच्या आईच्या मालिकेचा असायचा.

नवा कॅमेरा सुरू होऊन अकरा दिवस झाले असतील. सकाळी आईने मला रविवार कारंजावर शेवंती आणायला पाठवलं होतं. मखमलाबादहून फुलं घेऊन येणाऱ्या एक मावशी तिथे बसतात. त्यांनी तराजू हातात धरला आणि तो तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या.

"तू बातम्यांतली ना गं?"

"नाही," मी म्हटलं.

"नाय कशी? बाईंच्या बगलंला बसती ती. हातात पट्टी असती."

मला वाटलं या कधीतरी स्टुडिओत आल्या असतील.

"आमच्या जावयानं टीव्ही दिलाय. लय मोठा हाय, भिंतीला लावलेला. त्याच्यात दिसती तू. घाटाच्या पायऱ्यांवर बसल्यावानी दिसती. जुन्या डब्ब्यात नव्हती दिसत." त्या शेजारच्या भाजीवालीकडे वळल्या. "हीच ती. मी म्हणत नव्हते?"

भाजीवालीने मला नीट बघून घेतलं. "बारीक हाय. टीव्हीत जाड दिसती."

"आमच्या सासूबाई म्हणत्यात, बाईंची सून असंल. शिकाया बसवली असंल शेजारी." मावशींनी शेवंती कागदात बांधली. "पण एक सांगते, राग नको मानू. परवा अपघाताची बातमी चालू होती आन् तू गोळी चघळीत होती."

मी खरंच चघळत होते. खोकला झाला होता.

मी पुडी घेतली आणि निघाले, तेव्हा मागून त्यांनी सहज विचारलं, टोमणा नव्हता त्यात. "बाईंना दिसत नाय का गं आताशा? तू आधी बोलती आन् मग बाई बोलत्यात."

घरी येईपर्यंत मला माझ्या स्वतःच्या चेहऱ्याची लाज वाटत होती. अकरा दिवस माझे ओठ, माझी पट्टी, माझी लिमलेटची गोळी, सगळं लोकांच्या भिंतीवर होतं. पण घराचा जिना चढताना तो शेवटचा प्रश्न पुन्हा आठवला आणि मी तिथेच थांबले. फुलं विकणाऱ्या मावशींना जे कळलं होतं ते उद्या भाऊंना कळणार होतं. आणि दिवाळीपर्यंत न थांबायला भाऊंना एवढं कारण पुरलं असतं.

दुपारी बसस्टॉपवर मी बाईंना सांगितलं. मी तीन वाक्यांत सांगितलं. त्याहून जास्त मला सांगता आलं नसतं. बाई रस्त्याकडे तोंड करून ऐकत होत्या.

"किती दिवस?"

"अकरा."

"म्हणजे मला एकटीला सोडून सगळ्यांना दिसलं," त्या म्हणाल्या.

बस आली. आम्ही चढलो. द्वारका चौक येईपर्यंत मी मनात उपाय शोधत होते: टेबलाखाली बसावं, खुर्ची मागे घेऊन लांब पट्टी वापरावी. एक उपाय मी बोलूनही दाखवला. बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"टेबलाखाली बसायला तू काय मांजर आहेस? लपवलं तेवढं पुरे झालं. आता मी सांगते त्यांना."

स्टुडिओत पोचल्यावर त्यांनी पर्सही खाली ठेवली नाही. सरळ भाऊंसमोर उभ्या राहिल्या आणि आधी चाचांना म्हणाल्या, "चाचा, तो कॅमेऱ्याचा छोटा पडदा उघडा."

चाचांनी उघडला. वाकून बघितलं. माझी रिकामी खुर्ची घाटासमोर अगदी ऐटीत उभी होती, शिवाय कोपऱ्यात पाण्याचा जार आणि दाराला अडकवलेली कुणाची तरी छत्री.

"अरे यार," चाचा म्हणाले. "इसमें तो पूरी बारात दिखती है."

भाऊंनी वाकून बघितलं आणि बराच वेळ सरळच झाले नाहीत. "अकरा दिवस?" ते म्हणाले. "अकरा दिवस ही पोरगी घाटावर बसलीय आणि मला एक फोन नाही कुणाचा?"

"फोन आले होते," चाचा म्हणाले. "दोनतीन. ती नवीन मॅडम कोण, तिला बोलू का देत नाही, असं विचारत होते. मला वाटलं राँग नंबर."

भाऊ माझ्याकडे वळले. मी भिंतीकडे बघितलं. "पण हिची पट्टी कशाला?" त्यांनी विचारलं. "आणि ही बोलते काय?"

तेव्हा बाईंनी सांगितलं. रडवेलं नाही, शाळेत नोटीस वाचून दाखवावी तसं. "मला दिसत नाही, भाऊ. मधलं दिसत नाही. कागद ही वाचते आणि मी म्हणते. दोन वर्षं झाली. तुम्हाला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, ती माझी चूक."

चाचा उगाच कॅमेऱ्याची काच पुसायला लागले.

"मग आता कसं करायचं, बाई?" भाऊंचा आवाज एकदम खाली आला होता. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. हळू आवाजात माणूस नाही म्हणतो तेव्हा ते खरंच नाही असतं.

"तुमच्या नव्या मशिनीत कानात बोलायची सोय आहे ना? चाचा परवा सांगत होते."

"आहे."

"ती मला लावा. ही पलीकडच्या खोलीत बसेल आणि वाचेल. मी ऐकून बोलेन. तीस वर्षं मुलांना श्रुतलेखन घातलं. आता घेऊन बघते."

भाऊंनी घड्याळात बघितलं. "आज लाइव्ह आहे, बाई."

"रोजच असतं. आज जमलं नाही तर उद्यापासून मी येणार नाही. तुम्हाला तोंडाने सांगावं लागणार नाही."

मला कुणी विचारलं नव्हतं. मला सांगायचं होतं की मी मोठ्याने वाचत नाही. सातवीत मराठीच्या तासाला मी एक धडा वाचला होता, वर्ग हसला होता, आणि त्यानंतर मी मराठी कधी मोठ्याने वाचलं नव्हतं. घरीसुद्धा नाही. मी बाईंकडे बघितलं. त्या नेहमीसारख्या जरा बाजूला बघत होत्या, म्हणजे मला नीट बघत होत्या.

"कोरे कागद ठेव माझ्यासमोर," त्या म्हणाल्या. "मी उलटत राहीन. हातांना सवय आहे."

चाचांनी माझी खुर्ची उचलून काचेपलीकडे नेली. तालमीला तासभर मिळाला. पहिल्यांदा मी इतक्या वेगाने वाचलं की बाईंनी कानातलं यंत्रच काढून ठेवलं. "कोण लागलंय मागे तुझ्या? चार शब्द सांग. मी म्हणते. मी म्हणत असताना पुढचे चार सांग. मी थांबले की तूही थांब." बोलता बोलता ऐकायचं कसं, हे मला कळत नव्हतं. त्यांनाही कळत नसावं, पण त्या तसं दाखवत नव्हत्या.

सातला पाच मिनिटं असताना भाऊंनी आपला लॅपटॉप आणून माझ्यासमोर ठेवला. त्यावर पूर्ण चित्र दिसत होतं, रुंद, स्वच्छ. त्यात बाई एकट्या होत्या. दोन वर्षं मी त्यांचा फक्त डावा कान बघत आले होते. आता त्या समोरून दिसत होत्या. कपाळावरच्या आठ्या, वरच्या ओठावरची बारीक लव, हिरव्या साडीचा काठ, घड्या घालून घालून पडलेली त्याची रेघ. पुण्याच्या माणसाने सांगितलं होतं तसं सगळं बारीक बारीक दिसत होतं. माझी खुर्ची असायची तिथे घाटाच्या रिकाम्या पायऱ्या होत्या. मला त्या चेहऱ्यात नवीन करावं असं काही दिसलं नाही.

भाऊ माझ्या मागे उभे राहिले. मी बटण दाबलं आणि म्हटलं, "नमस्कार."

"नमस्कार," बाई म्हणाल्या.

पहिली बातमी सिन्नरच्या बसस्थानकाची होती. दुसरी पाणी सोडण्याची. माझा आवाज माझ्याच कानाला परका लागत होता, पण तो फक्त एका माणसाला ऐकू जात होता आणि ते माणूस हसणार नव्हतं. बाई कोरे कागद उलटत होत्या, बरोबर बातमी संपतानाच. एका ठिकाणी त्या माझ्यापुढे गेल्या. वाक्य कुठे जाणार ते त्यांना आधीच कळलं होतं.

तिसऱ्या बातमीला मी अडकले. ब्रह्मगिरी चढून गेलेल्या एका आजींची बातमी होती, आणि आजींचं वय आकड्यात लिहिलेलं होतं. सात आणि नऊ. मराठीत ते काय म्हणायचं, हे मला आठवेना. एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद हे मला कायम एकसारखेच वाटत आलेत. लिहिताना कधी अडलं नव्हतं, कारण मी आकडा काढायचे आणि बाई म्हणायच्या. पडद्यावर बाई थांबल्या. त्या कागदाकडे बघत होत्या, जणू पुढचं तिथे लिहिलंय. भाऊंचा श्वास मला मागून ऐकू येत होता.

"सेव्हंटी नाइन," मी म्हटलं.

"एकोणऐंशी वर्षांच्या," बाई म्हणाल्या, "आजीबाईंनी काठीच्या आधाराशिवाय ही चढण पूर्ण केली." आणि काठीचं त्यांनी स्वतःचं घातलं होतं. बातमीत काठी कुठेच नव्हती.

पंधरा मिनिटं झाली. चाचांनी हात वर केला. दिवे गेले. मी बटणावरचं बोट उचललं तर ते वाकलेलंच राहिलं. मी दार उघडून आत गेले. भाऊ माझ्या आधी पोचले होते आणि टेबलाचा कोपरा चाचपत होते.

"उद्या तीनला या दोघी," ते शेवटी म्हणाले. "तालीम जरा जास्त करा. आणि बाई, ती काठी कुठून आणली?"

"आजी आहे ती," बाई म्हणाल्या. "तिने काठी घेतली असती तर बातमीत आली असती."

भाऊ गेले. चाचा वायर गुंडाळायला लागले. बाईंनी कानातलं यंत्र काढलं आणि कान चोळला.

"तुझं एक चुकतंय," त्या मला म्हणाल्या.

मला वाटलं, आकडा.

"तू श्वास घेत नाहीस. पूर्ण पंधरा मिनिटं. तू घेत नाहीस म्हणून मलाही घेता येत नाही. वाक्य संपलं की घ्यायचा, अगदी आवाज होऊ दे. मला ऐकू आला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी बातम्या लिहून झाल्यावर मी लाल पेन घेऊन प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक मोठा ठिपका दिला. सात वाजता मी "नमस्कार" म्हटलं, पहिलं वाक्य चार-चार शब्दांत सांगून संपवलं आणि ठिपक्यापाशी थांबून श्वास घेतला. तो मला स्वतःला फार मोठा वाटला. पडद्यावर बाईंचे खांदे किंचित वर गेले आणि खाली आले. मग मी पुढचं वाक्य सांगितलं.